फाटकाकडे तोंड केलेली गाडी

आमच्या घरी गाडी नेहमी फाटकाकडे तोंड करून उभी असायची. अण्णा कुठूनही आले की आधी रस्त्यावर थांबायचे, मी धावत जाऊन फाटक उघडायची, मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायची, आणि मग ते मान वळवून गाडी उलटी घेत पत्र्याच्या शेडमध्ये घालायचे. गंगापूर रोडला तेव्हा दोन्ही बाजूंना पेरूच्या बागा होत्या आणि घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गाडी कशीही लावली असती तरी कोणाच्या वाटेत येणार नव्हती. पाहुणे हसायचे. अण्णा त्यांना काही सांगत नसत. कारण आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. आईला दमा होता, तो कधी उसळेल याचा नेम नसायचा आणि शहरातल्या दवाखान्यापर्यंत गाडीनं पंधरा मिनिटं लागायची. गाडी वळवण्यात जाणारं एक मिनिटसुद्धा अण्णांना वाया घालवायचं नव्हतं.

ही गाडी येण्याआधी एका थंडीत आईला सायकलच्या कॅरिअरवर बसवून, पडू नये म्हणून शालीनं स्वतःच्या कमरेला बांधून, अण्णा तिला दवाखान्यात चालवत घेऊन गेले होते. ते परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, असं आई सांगायची. त्यानंतर महिन्याभरात देवळालीच्या एका म्हाताऱ्या पारशी बाईंच्या अंगणातून ते ही गाडी दोरानं ओढून घेऊन आले. काळी, गोल पाठीची, विलायती. चिंचेखाली वर्षानुवर्षं उभी असलेली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. बाई म्हणाल्या म्हणे, "ले जाव, डिकरा, पण भंगारमां नको देऊ." अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. मोटारीतलं त्यांना काही येत नव्हतं, पण लोखंडाशी बोलता येत होतं. एक जुनं इंग्रजी पुस्तक, एक कंदील आणि कारखान्यातून सुटल्यावरचा वेळ एवढ्या भांडवलावर दीड वर्ष ते त्या गाडीखाली आडवे होते. ज्या दिवशी ती पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी पत्र्याचं शेड असं काही थडथडलं की आई पिठाच्या हातानं बाहेर आली आणि म्हणाली, "आता हिला बंद कशी करायची ते ठाऊक आहे ना?"

आमचा रविवार गाडीचा असायचा. सकाळी चहा-चपाती झाली की अण्णा शेडमध्ये गोणपाट अंथरत. आई जुन्या पातळांच्या चिंध्या करून ठेवायची, त्यातही प्रतवारी होती. मऊ, विरलेलं सुती काचेसाठी, जाडंभरडं चाकांसाठी आणि काठाची पट्टी कशासाठीच नाही, कारण काठ ओरखडे पाडतो. मी चौदा वर्षांची होते आणि मुलीच्या जातीला हे कशाला असं म्हणणारं आमच्या घरात कोणी नव्हतं. बाहेर पुष्कळ होते. ठिणगी पाडणारे पॉइंट कानशीनं घासताना होणारा करकर आवाज, रॉकेलचा वास, त्यात स्वयंपाकघरातून येणारा मटणाच्या काळ्या मसाल्याचा ठसका, आणि रेडिओ. आज माझ्या इंदिरानगरच्या घरात कोणी मसाला भाजला की मला भूक लागत नाही, गाडी आठवते. अण्णा बोलत कमी. पण एक गोष्ट शंभरदा सांगायचे. "गाडी सुरू होत नसेल तर दोनच गोष्टी बघायच्या. ठिणगी आणि पेट्रोल. दोष आपोआप येत नाही आणि आपोआप जात नाही. कुठेतरी असतोच."

आईला या सगळ्याचं कौतुक होतं आणि ते ती टोमण्यांतून व्यक्त करायची. अण्णा बॉनेटमध्ये कान घालून बसले की म्हणायची, "तिचा श्वास ऐकून झाला असेल तर माझाही ऐका." अण्णा खरोखरच हात पुसत यायचे, तिच्या पाठीशी उभे राहून ऐकायचे आणि म्हणायचे, "आज तुझं इंजिन बरं आहे." हे त्यांचं प्रेमाचं बोलणं होतं. दुसरं मी कधी ऐकलं नाही.

गाडी वर्षातून एकदाच इतकी खोलली जायची, दसऱ्याला. कारखान्यात जशी यंत्रांची पूजा व्हायची तशी अण्णा घरी करायचे, पण बॉनेटवर हळदीकुंकू आणि झेंडूचा हार एवढ्यावर त्यांचं भागायचं नाही. सकाळी आठपासून ते प्लग, पॉइंट, ठिणगी वाटणारा तो डबा, सगळं खोलून, पुसून, पाटावर पांढऱ्या फडक्यावर मांडायचे. शेजारी पाने आणि स्क्रू ड्रायव्हर. आई आरती करायची. मग दहा वाजेपर्यंत सगळं परत जागेवर. पूजेनंतर गाडी पहिल्यांदा सुरू करायची ती मात्र दुपारच्या विजयमुहूर्तावर, चाकांखाली लिंबं ठेवून. तोवर तिला हात लावायचा नाही. आईला हे खोलणं आवडत नसे. "आजच्या दिवशी मला काही झालं तर?" ती विचारायची. "दोन तासांचा तर प्रश्न आहे," अण्णा म्हणायचे.

ठिणगी वाटणाऱ्या त्या डब्यावर एक काळी टोपी असते. कॉइलमधून आलेली ठिणगी तिच्या मधोमध उतरते आणि आतला दांडा फिरत फिरत ती चार कोपऱ्यांतल्या चार पितळी खुंट्यांना देतो. तिथून तारांनी ती चार प्लगांना जाते. टोपी उलटी धरली की आत मधे एक आणि भोवती चार असे पाच ठिपके दिसतात. आईच्या देव्हाऱ्यात आमचे पाच टाक अगदी तसेच बसलेले होते, मधे खंडोबा आणि चार बाजूंना चार. हे मला फार आधीपासून वाटायचं. अण्णांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि लगेच गंभीर झाले. "देव समज, पण ओलं काही लावू नकोस, त्याचा थर बसला की ठिणगी भलतीकडे पळते. कुंकू लावायचं तर प्लगाच्या पांढऱ्या भागावर, कोरडं, बोटाच्या टोकानं. टोपीला नाही."

त्या दसऱ्याला आई सकाळपासून खूश होती. घटावरची कडाकण्यांची माळ उतरवून तिनं मला पहिली कडाकणी दिली. पुरण शिजत होतं. धूर तिला सोसत नाही म्हणून एरवी आमच्याकडे ऊद जाळत नसत. पण त्या दिवशी ती म्हणाली, "वर्षाचा सण आहे, देवाला काय तोंड दाखवू," आणि धुपाटण्यात निखारे घालून तिनं मूठभर ऊद टाकला. आरती झाली. अण्णा नैवेद्याच्या आधी हात धुवायला विहिरीकडे गेले. सगळं बसवून झालं होतं, फक्त टोपी राहिली होती. ती बसवायचं काम माझं होतं, दोन क्लिपा खटकन लावायच्या. मी पाटाशी एकटी होते. आईनं देवासाठी कालवलेलं ओलं कुंकू वाटीत होतं. टोपी उलटी धरली, आतले पाच ठिपके माझ्याकडे बघत होते. आई बरी व्हावी म्हणून, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं आहे की नाही, मला आता सांगता येत नाही. कदाचित नाही म्हटलं म्हणूनच लावलं असेल. चार बाजूंना चार बोटं आणि मधे एक चांगलं ठसठशीत. हात जोडले. अण्णांची चाहूल लागली तशी टोपी बसवून क्लिपा लावल्या.

साडेअकराच्या सुमाराला आई स्वयंपाकघरातून भिंत धरत आली. पोळीचं उलथनं तिच्या हातातच होतं. तिला बोलता येत नव्हतं, नुसती मान हलवत होती. अण्णांनी तिला उचललं, मागच्या सीटवर बसवलं, मला तिच्याजवळ बस म्हणाले. चाकांखाली मुहूर्तासाठी ठेवलेली लिंबं तशीच होती. अण्णांनी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण लागलं नाही. पुन्हा मारला. पुन्हा. एवढ्या वर्षांत हा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता, नुसतं फिरणारं, न पेटणारं इंजिन. अण्णा खाली उतरले, हँडल घालून फिरवू लागले. त्यांच्या नव्या सदऱ्याची पाठ भिजली.

"टांगा... बघा," आई म्हणाली.

"दोन मिनिटं," अण्णा म्हणाले. "लागते. दोन मिनिटं."

मला त्यांनी बाहेर बोलावलं आणि बॉनेटचा दांडा धरायला लावला. प्लग काढून तार इंजिनाला टेकवून पाहिली. ठिणगी नव्हती. मग त्यांनी टोपीच्या क्लिपा काढल्या आणि टोपी बाजूला सोडली. ती आपल्या तारांना लोंबकळत राहिली. अण्णा पॉइंटवर वाकले होते आणि टोपीचं तोंड माझ्याकडे होतं. आत लाल दिसलं. पाचही. वाळून पोपडे धरलेले.

"अण्णा..." मी म्हटलं.

"मधे बोलू नकोस!" ते ओरडले. माझ्यावर ते त्याआधी कधी ओरडले नव्हते.

मी बोलले नाही. एका चिंधीचं, एका मिनिटाचं काम होतं. पण मला ओरडा खायची भीती वाटली. हे लिहायला मला सत्तरी गाठावी लागली. मागे आई माशासारखं तोंड उघडत होती आणि मला माझ्या बापाच्या रागाची भीती वाटली. अण्णांनी पॉइंट घासले आणि टोपी न बघताच परत बसवली. सेल्फ मारला, पुन्हा तेच. मग ते पेट्रोलकडे वळले, कार्बुरेटर उघडला. मला रिक्षा बघायला पिटाळलं. मी अनवाणी नाक्यापर्यंत गेले. स्टँडवर रिक्षा रांगेनं हार घालून उभ्या होत्या आणि एकही माणूस नव्हता. सगळे घरी सणाला. परत पळत येताना कालव्यावर पेरूच्या बागेतले नामदेवमामा टेम्पो धुऊन हार बांधत होते, त्यांना हाक मारली.

नामदेवमामा आले तेव्हा अण्णा पुन्हा हँडल फिरवत होते. मामांनी मागच्या सीटवर नजर टाकली आणि अण्णांचा हात धरला. "भाऊ, सोडा ते. नाय लागायची ती. वैनीचं तोंड निळं पडलंय. टेम्पोत घ्या."

"दोन मिनिटं," अण्णा म्हणाले.

"लय येळ झाला, भाऊ."

टेम्पोत पेरूच्या रिकाम्या पाट्या होत्या. आईचं डोकं अण्णांच्या मांडीवर होतं. टेम्पोच्या टपावरचा झेंडूचा हार वाऱ्यानं आमच्या अंगावर पाकळ्या टाकत होता. मी आईचा पाय धरून बसले होते. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टरांनी तिचं मनगट हातात घेतलं, मग दुसरं घेतलं आणि हळूच खाली ठेवलं. अण्णा आपल्या काळ्या हातांकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना मी शेडमध्ये गेले. टोपी काढली. पेट्रोलात चिंधी बुडवून पाचही ठिपके पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. चिंधी आईच्याच पिवळ्या पातळाची होती. ती मी बंबात टाकली. टोपी बसवली, क्लिपा लावल्या.

तेरावा झाल्यावर अण्णा शेडमध्ये गेले. मी दारात उभी होते. त्यांनी काही खोललं नाही, नुसता सेल्फ मारला. गाडी पहिल्या हाकेला लागली. शेड थडथडायला लागलं. अण्णा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसून राहिले, इंजिन तापून वाफ यायला लागली तरी. मीच आत जाऊन किल्ली फिरवली. "का लागली नाही गं मग त्या दिवशी?" एवढंच ते म्हणाले.

त्यानंतरचे त्यांचे सगळे रविवार त्या प्रश्नात गेले. लोक म्हणत, काय जीव आहे गाडीवर. तो जीव नव्हता, शोध होता. दोष आपोआप येत नाही आणि आपोआप जात नाही, हे त्यांचं गणित होतं आणि ते सुटत नव्हतं. पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, फिरणारा दांडा मुंबईहून मागवला. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून एकेक तुकडा बघायचे. पहिल्या वर्षी त्यांनी मला कितीदा तरी विचारलं, "सुमन, टोपी तू बसवलीस. क्लिपा नीट लागल्या होत्या ना?" "हो," मी म्हणायची. प्रत्येक वेळी तोंड उघडायची आणि 'हो' एवढंच बाहेर पडायचं. मग एका रविवारी ते म्हणाले, "तू बसवलीस म्हणजे नीटच असणार," आणि त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज पुढे आयुष्यभर पुरली. त्या दिवसापासून त्यांनी टोपीही कधी माझ्या हातात दिली नाही. बाकी सगळं शिकवलं, ब्रेक, गिअर, व्हॉल्व्ह, पण टोपी स्वतः पुसायचे, भिंग लावून, माझ्याकडे पाठ करून. माझ्या हातावरचा त्यांचा विश्वास उडाला, असं मी धरून चालले. सगळं बदलून झालं तेव्हा मी एकदा म्हटलं, "टोपीही नवी घेऊन टाका." ते म्हणाले, "टोपीला काय झालंय?"

माझं लग्न झालं, मी इंदिरानगरला आले, दर रविवारी जात राहिले. बागा गेल्या, इमारती आल्या, शेडला तीन बाजूंनी भिंती आल्या. गाडीचं तोंड फाटकाकडेच राहिलं. अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा रोज सकाळी मी तिथे जाऊन गाडी सुरू करायची आणि ते खिडकीतून ऐकायचे. शेवटच्या महिन्यात एकदा मी ठरवून त्यांच्या उशाशी बसले. "अण्णा, त्या दसऱ्याला..." एवढं म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आज आवाज चांगला होता," ते म्हणाले, आणि डोळे मिटले. मी उठले. म्हटलं, दमले असतील.

अण्णांनंतर गाडी मीच सांभाळते. बोटं आखडली आहेत, पण रविवार चुकत नाही. टोपी उघडते तेव्हा आत बघत नाही. कपडा फिरवते, क्लिपा लावते. गेल्या महिन्यात जुन्या गाड्यांचा शौक असलेला एक मुलगा आला, माझ्या नातवाच्या ओळखीचा. मोबाइलचा उजेड पाडत त्यानं इंजिन बघितलं, चेसिसखाली आडवा झाला. "काकू, मानलं तुम्हाला. शोरूम कंडिशन आहे," म्हणाला. मग टोपी काढून उलटी केली, उजेडात धरली. मिनिटही झालं नसेल.

"सगळे पार्ट बदललेत, हीच तेवढी ओरिजनल आहे. आणि इथे चिरेत काहीतरी लाल आहे. मधल्या खुंटीच्या कडेला. बघा ना."

मी चष्मा लावून बघितलं. मला काही दिसेना. माझ्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही.

"कुंकू असेल," मी म्हटलं.

"आतमधे?" तो हसला. "कोणी लावलं?"

"मी," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा हे मी कोणाला तरी सांगितलं होतं आणि ऐकणाऱ्याला त्याचं काहीच वाटलं नाही. तो डिक्की बघायला मागे गेला.

अण्णांचं भिंग अजून हत्यारांच्या डब्यात आहे, आईच्या मऊ पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेलं. मी ते काढलं, डोळ्याला लावलं आणि टोपी जवळ धरली. लाल रेघ अगदी स्पष्ट दिसत होती.